किल्ली लागली म्हणजे

४ जून

बारक्या,

आई गेल्याला आठ महिने झाले. घर तसंच आहे. चार खोल्या, चारही दारं बंद. मी माझ्या खोलीतून स्वयंपाकघरात जाते आणि स्वयंपाकघरातून खोलीत येते. एवढंच चालणं.

मुद्द्याचं लिहिते. रफूचं काम कमी झालं आहे. लोक फाटलेलं टाकून देतात. जे आणतात त्यांचं कापड इतकं बारीक असतं की दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरतात. डोळ्यांच्या डॉक्टरने दिवसाला दोन तास सांगितले आहेत, त्यावर नाही. दोन तासांत घर चालत नाही. छपराचं कामही आलं आहे.

म्हणून खोल्या भाड्याने द्यायचं मनात आहे. मी माझ्या खोलीत राहीन. आईबाबांची खोली एकाला, पाहुण्यांची दुसऱ्याला. तुझीही देता येईल, तू काही येत नाहीस. तिची किल्ली तुझ्याकडे आहे, चौकोनी डोक्याची. पाठवून दे.

घराबाबत काहीही करायचं तर दोघांची सही, असं आईच्या कागदात आहे. सोबत मजकूर जोडला आहे. खाली सही कर.

ताई

ता. क. तुझं मागचं पाकीट उघडून पुन्हा चिकटवल्यासारखं दिसत होतं. तूच उघडलंस, की तिकडे कुणी वाचतं?

१५ जून

ताई,

पाकीट मी एकदाच चिकटवलं होतं. इथे बोगद्याच्या कामावर टपाल कोठीत येतं, आणि तिथला माणूस सगळ्यांची पत्रं वाचतो असं म्हणतात. वाचू दे. बोगद्यातून माती किती निघाली आणि तुझे डोळे कसे आहेत, यात त्याला काय मिळणार?

खोल्या देणं मला पटत नाही. एका बोळात तीन अनोळखी माणसं, एक न्हाणीघर, एक शेगडी. तीन तिघाडा, काम बिघाडा. रोज कुणाची तरी कुरकूर आणि मध्ये तू. त्यापेक्षा घर एकाच माणसाला द्यावं, सगळंच्या सगळं. एक करार, एकच डोकेदुखी.

माणूसही आहे. आपल्या चौकातल्या छापखान्याचे मालक. त्यांना जागा वाढवायची आहे, मला त्यांचं पत्र आलं. यंत्रं आत न्यायची म्हणून ते बोळाकडची भिंत पाडतील, दारं आणि चौकटी काढतील, आणि करार संपला की सगळं नवं बांधून देतील. छपराचंही तेच बघतील. तू मावसबहिणीकडे राहा. तिची मागची जागा रिकामीच आहे, आणि ती कधीची बोलावते आहे.

आणि एक. समजा तू खोल्याच दिल्यास, तर जुन्या किल्ल्या कुणाच्या हाती देऊ नकोस. बाहेरून कडी-कोयंडे लावून घे. बाबांची कुलपं आता जुनी झाली.

मी सही केलेली नाही.

बारक्या

२४ जून

बारक्या,

छापखान्यावरून मी रोज जाते. मालक दारातच उभे असतात. 'काय, बरं आहे ना?' म्हणतात. घर त्यांच्यापासून पन्नास पावलांवर, मी समोर, आणि पत्र मात्र तुला, चारशे किलोमीटरवर. हे कसं?

भिंती पाडलेलं घर परत मिळत नाही, ते विकलं जातं. विकायचंच असेल तर तसं लिही. छापखान्याच्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस.

मावसबहिणीची मागची जागा म्हणजे एक पडदा आणि पडद्यामागे खाट. बावन्नाव्या वर्षी मी पडद्यामागे राहायला जाणार नाही.

बाबांच्या कुलपांना जुनी म्हणताना तुला काही वाटलं नाही? गावाला कुलपं बसवून देणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात आतल्या खोल्यांनाही बसवली. असं कुणाकडे नव्हतं. मला बारावं लागलं त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली. कानशीने घासून तिचं डोकं पानासारखं केलेलं. आईबाबांचं गोल, पाहुण्यांचं तिकोनी, तुझं चौकोनी. 'ज्याची खोली त्याची किल्ली. दुसऱ्याच्या दारावर टकटक करायची. उघडलं तर आत, नाहीतर परत.' आईसुद्धा टकटक करायची. ती किल्ली मी आजही गळ्यात घालते.

माझ्या खोलीचा विश्वासघात एकदाच झाला, तोही बाहेरच्या माणसाने केला. माझ्याच मैत्रिणीने, चिमणीने. ती अजून तीन गल्ल्या पलीकडे राहते. समोरून आली की मी रस्ता ओलांडते. एकतीस वर्षं ओलांडते आहे. तेव्हा माणूस कसा पारखायचा ते मला शिकवू नकोस.

ताई

५ जुलै

ताई,

घर विकायचं नाही. विकायचं असतं तर लिहिलं असतं.

चिमणीचं मध्येच कशाला काढलंस? झालं ते झालं. इतक्या वर्षांनी समोरून आली तर माणसाने निदान मान हलवावी. अर्थात तुला सांगणारा मी कोण.

सही केली आहे. तीन महिन्यांसाठी, दोनच खोल्या. माझी नाही. तिची किल्ली सामानात कुठे आहे ते शोधावं लागेल. तीन महिन्यांत काही बिनसलं तर घर छापखान्याला द्यायचं, आणि मग तू हट्ट धरायचा नाहीस. हे तुझ्या अक्षरात लिहून पाठव.

कडी-कोयंड्याचं विसरू नकोस.

बारक्या

२० जुलै

बारक्या,

लिहून देते. तीन महिन्यांत बिनसलं तर घर छापखान्याला देईन आणि पडद्यामागे जाईन. झालं समाधान?

मालकांना आज भर चौकात विचारलं, पत्र आधी कुणी कुणाला लिहिलं. ते म्हणाले, 'अहो, तुमच्या भावानेच की! मी जागा शोधतोय हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. म्हणाले, दारं काढायची असतील तर खुशाल काढा.' तू मला लिहिलंस, 'त्यांचं पत्र आलं.' खोटं नाही. उत्तर आलं तरी ते पत्रच. पण मी रफू करते, बारक्या. कापड उलटं करून बघायची सवय आहे.

भाडेकरू आले. पाहुण्यांच्या खोलीत एक नर्स. सकाळी सातला जाते, पाचला येते, कामापुरतं बोलते. पहिल्या दिवशी तिने खाटेखाली बघितलं, दारामागे बघितलं, खिडकीची खिट्टी हलवून बघितली. मी विचारलं, 'काही शोधताय?' म्हणाली, 'नाही. बघून ठेवते.' मला आवडली.

आईबाबांच्या खोलीत निवृत्त मास्तर. छत्तीस वर्षं गणित शिकवलं. बायको वारली, मुलगा परगावी. दिवसभर खोकल्याच्या गोळ्या चघळतात, लवंगेच्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला देतात. आल्याबरोबर विचारलं, 'माझी खोली कुठली?' मी म्हटलं, 'बोळातलं दुसरं दार.' 'दुसरं. उत्तम. लक्षात राहील.'

त्यांना गोल किल्ली दिली, तिला तिकोनी. कडी-कोयंडे लावले नाहीत. बाबांच्या दारांना मी भोकं पाडणार नाही.

ताई

१ ऑगस्ट

ताई,

मालकांना आधी मी लिहिलं, हे खरं. तसं सांगितलं असतं तर तू पुढचं वाचलंच नसतंस.

किल्ल्या दिल्यासच. मग एवढं तरी कर. दोघांच्या किल्ल्या एका खिळ्याला टांगू देऊ नकोस. आणि तुझी कुणाला देऊ नकोस, कुणाची घेऊ नकोस.

बारक्या

१७ ऑगस्ट

बारक्या,

तुला किल्ल्यांचं एवढं काय आहे, ते कळत नाही. पण आज दुसरंच लिहायचं आहे.

मागच्या सोमवारी नर्सने माझ्या दारावर टकटक केली.

'माझ्या खोलीत कोणी येतं का हो?'

'किल्ली तुमच्याकडे आहे.'

'तेच म्हणते. उशी दबलेली होती. आणि लवंगेचा वास येतो.'

मी म्हटलं, भास असेल. ती म्हणाली, 'दिवसाला चाळीस खाटा आवरते मी. निजलेली उशी आणि न निजलेली उशी मला कळते.'

आधी मी तिच्यावरच संशय घेतला. तक्रार करून भाडं कमी करून घेणारे असतात. मग मास्तरांवर घेतला. पण त्यांची किल्ली गोल, तिचं दार तिकोनीचं. बोळात अडवून त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं, तर त्यांनी मला गोळी दिली. गोळ्या ते सगळ्यांनाच देतात. छापखान्याच्या माणसालाही दिली होती. हो, तो आला होता, हातात टेप घेऊन. मी बाहेरून आले तर हा बोळाची रुंदी मोजतो आहे, आणि मास्तर दुसरं टोक धरून उभे. विचारलं, कोणी पाठवलं? म्हणाला, 'मालकांनी. जागा लवकरच मिळेल म्हणाले.' लवकरच. हे त्यांना कोणी सांगितलं?

मग मी दोरा लावला. दाराच्या रंगाचा रेशमी धागा, घोट्याच्या उंचीवर, एक टोक चौकटीला आणि एक दाराला, डिंकाच्या दोन थेंबांनी. नर्स गेली की लावायचा, ती यायच्या आत काढायचा. तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी दुपारी कपडे पोचवायला गेले, तासाभराने आले, तर धागा तुटलेला. कुलूप मात्र जसंच्या तसं. बाबांचं कुलूप न मोडता आत कोण जातं, ते माझ्या डोक्यात शिरत नाही.

नर्स म्हणते, महिनाभर बघते, नाहीतर दुसरीकडे जाते.

दोन प्रश्न. पुढच्या दाराची एक किल्ली तुझ्याकडे आहे. ती तू छापखान्याला दिलीस का? आणि माझे तीन महिने बिनसावेत म्हणून कोणाला लावलं आहेस का? हो की नाही, एवढंच लिही.

ताई

२८ ऑगस्ट

ताई,

नाही. आणि नाही.

पुढच्या दाराची किल्ली माझ्या पेटीत आहे, आत्ताच बघितली. माझ्या खोलीचीही तिथेच आहे. ती दुसऱ्या कुठल्याही दाराला लागत नाही, हे तुला माहीतच आहे. बाबांनी प्रत्येक दाराची वेगळी केली होती.

मी म्हणत होतो तेच झालं. संशय एकदा घरात शिरला की भाडं न देता राहतो. नर्सला जाऊ दे, मास्तरांनाही निरोप दे. तू लिहून दिलं आहेस. मालकांना होकार कळवू का?

बारक्या

९ सप्टेंबर

बारक्या,

होकार कळवू नकोस. आधी हे वाच.

मंगळवारी नर्सच्या अंगात कणकण होती म्हणून ती दुपारीच परत आली. तिच्या दाराला बाहेरून किल्ली लटकत होती. गोल डोक्याची. तिने मला हाक मारली. दोघींनी दार ढकललं. तिच्या खाटेवर मास्तर झोपले होते. चपला खाटेखाली जोडीने, चष्मा छातीवर, ओला टॉवेल उशाशी.

नर्सने त्यांना हलवलं. ते उठून बसले, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'तुम्ही दोघी माझ्या खोलीत काय करताय?'

'ही माझी खोली आहे, मास्तर.'

'असं कसं? दुसरं दार.'

न्हाणीघर मागे आहे. ते न्हाऊन येतात ते मागून. चष्म्यावर वाफ. मागून मोजलं तर पहिलं दार माझं आणि दुसरं नर्सचं. चार दारांत पुढून दुसरं वेगळं आणि मागून दुसरं वेगळं, हे छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला मी समजावून सांगितलं. रोज चुकत नाहीत ते. ज्या दिवशी न्हायला उशीर होतो आणि लगेच झोप येते त्या दिवशी चुकतात. खोल्या सारख्या, खाटा सारख्या, चादरी मीच एका ताग्यातून शिवलेल्या.

'पण मग किल्ली कशी लागली?' ते म्हणाले. 'किल्ली लागली म्हणजे खोली आपली. नाही का?'

नर्स हसली. आधी ती, मग मास्तर. मला हसू आलं नाही. मी ती किल्ली काढली आणि माझ्या दाराला लावली. उघडलं. तुझ्या दाराला लावली. उघडलं. मग तिकोनी लावून बघितली. मग माझी, पानाची. तुझ्या खोलीत नुसती खाट आहे. तिच्यावर थोडा वेळ बसले.

नंतर तिन्ही किल्ल्या माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि धागे मोजायच्या भिंगातून बघितल्या. डोकी वेगळी, दाते सारखे. चाळीस वर्षं गळ्यात घातलेली वस्तू मी कधी दुसरीशेजारी ठेवली नव्हती. आपल्या घरात कुणी कुणाला किल्ली देत नसे. बाबांनीच तसं शिकवलं होतं.

मग तुझी पत्रं काढली आणि ओळीने लावली. पहिल्यात कडी-कोयंडे. मग तुझी किल्ली सामानात सापडेना. मग एका खिळ्याला टांगू देऊ नकोस. आणि शेवटच्यात, मी फक्त पुढच्या दाराचं विचारलं होतं. खोलीच्या किल्लीबद्दल मी काहीच विचारलं नव्हतं. न विचारलेल्याचं उत्तर तू दिलंस.

म्हणजे तुला माहीत होतं.

आता मी एक गोष्ट सांगते. तू तेव्हा तेरा वर्षांचा होतास, मी एकवीसची. आराखडे काढणाऱ्या त्या माणसाची पत्रं यायची, ती मी शिलाईयंत्राच्या पेटीच्या अस्तरात शिवून ठेवायची. शेवटच्या पत्रात दिवस होता आणि गाडीची वेळ होती. बाबांना ते दोन दिवस आधी कळलं. ते त्याला जाऊन भेटले. काय बोलले, मला कोणी सांगितलं नाही. तो एकटाच गेला. मी अस्तर बघितलं तर टाके उजवीकडे कललेले होते. मी डावरी. माझे डावीकडे कलतात.

खोलीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. माझ्या खोलीत एकटं बसणारं एकच माणूस होतं. दर गुरुवारी चिमणी बेतणं शिकायला यायची, आणि मी तयार कपडे पोचवायला जायचे तेव्हा पाव तास एकटी असायची. तिला मी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ती तीनदा आली. टकटक केली. मी उघडलं नाही.

किल्ल्या चौघांकडे होत्या. माझी सोडून दे. आई सुईला हात लावत नसे. बाबांच्या बोटांत सुई ठरत नसे. तुला मी शिवायला शिकवलं होतं.

हो की नाही?

ताई

१९ सप्टेंबर

ताई,

पत्र पोचलं. पाकीट उघडलेलं होतं. टपालाच्या पुढच्या गाडीने लिहितो.

बारक्या

४ ऑक्टोबर

ताई,

टपालाची एक गाडी सोडून दिली. लिहून होत नव्हतं.

हो.

एक दिवस मी घरात एकटा होतो. कंटाळा आला म्हणून माझी किल्ली तुझ्या दाराला लावून बघितली. लागणार नाही याची खात्री होती, म्हणूनच लावली. लागली. त्यानंतर मी पुष्कळदा आलो. तू कपडे पोचवायला गेलीस की यायचो. गुरुवारी नाही, गुरुवारी चिमणी असायची. अस्तर फुगलेलं दिसलं म्हणून उसवलं. मग दर पत्राला उसवायचो आणि शिवायचो, तू शिकवलं होतंस तसं, गाठ आतल्या बाजूला. तो चांगलं लिहायचा. आपल्या घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता त्याने असा लिहिला होता की मी डोळे मिटून चाललो असतो.

शेवटचं पत्र वाचलं तेव्हा मला एवढंच दिसलं की तू जाणार, आणि बंद दारांच्या त्या बोळात मी एकटा राहणार. मी दुकानात गेलो आणि बाबांना सांगितलं.

त्यांनी पहिल्यांदा तुझ्याबद्दल विचारलं नाही. विचारलं, 'तुला कसं कळलं?' मी किल्ली दाखवली. त्यांनी दुकानाची फळी लावून घेतली. म्हणाले, धंदा नवा होता तेव्हा ही कुलपं एका खोक्यात स्वस्त मिळाली, सगळी एका साच्याची. डोकी त्यांनी नंतर घासली. 'घरातल्या माणसांना कुलूप लागत नाही. कुलूप आहे असं वाटावं लागतं. हे बाहेर गेलं तर या गावात माझ्याकडून कोणी खिळासुद्धा घेणार नाही.' माझ्याकडून वचन घेतलं. मग टोपी घालून ते त्याला भेटायला गेले. काय बोलले, मलाही माहीत नाही. हे खरं आहे.

तू चिमणीला दोषी धरलंस तेव्हा जेवताना बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघेही जेवत राहिलो.

तुला माहीत नाही असं एक आहे. ती तिसऱ्यांदा आली तेव्हा मी माझ्या खोलीत होतो. माझी खोली पहिली, पुढच्या दाराला लागून. तुझी शेवटची. तुला नुसती टकटक ऐकू आली असेल. ती दाराला तोंड लावून म्हणाली, 'मी काय केलं, एवढं तरी सांग गं.' मी ऐकलं. मधे फक्त दार होतं.

मालक जागा शोधत आहेत हे मावसबहिणीच्या पत्रातून कळलं, आणि मी त्यांना लिहिलं. मला घर विकायचं नव्हतं. दारं घालवायची होती, कुलपांसकट. तू एकटी राहत होतीस तोवर कोणी दोन किल्ल्या शेजारी ठेवणार नव्हतं. खोल्या दिल्या की ठेवणार. तुला पडद्यामागे जावं लागेल हे मला कळत होतं. तरी लिहिलं.

इथे बराकीला दार नाही, चौकटीला तरट लावलेलं आहे. चौदा वर्षं तसाच झोपतो. याने काही फिटत नाही, माहीत आहे.

माझी किल्ली पाठवतो आहे. आणि कोऱ्या कागदावर सही. तुला हवं ते वर लिही.

बारक्या

२५ ऑक्टोबर

बारक्या,

किल्ली मिळाली. कोऱ्या कागदावर सही करू नये. तुझा कागद फाडला. नवा मजकूर सोबत आहे. घर खोल्या-खोल्यांनीच द्यायचं, मुदत नाही, मी माझ्या खोलीत. सगळा वाच, मग सही कर. छापखान्याला मी नाही सांगून आले. मालक म्हणाले, 'भावाला विचारलंत का?' मी म्हटलं, 'हो. सगळं विचारलं.'

तीन कुलपं बदलली. दुसऱ्या गल्लीतल्या माणसाकडून. सगळ्या किल्ल्यांची डोकी सारखी आहेत, दाते वेगळे. मी भिंगातून बघून घेतले. नर्स राहते आहे. तिने मास्तरांच्या दाराच्या मुठीला लाल लोकर बांधली आहे. मास्तरांनी विचारलं, 'आता किल्ली लागली नाही तर?' ती म्हणाली, 'तर शेजारच्या दाराला लावून बघा.' त्यांनी ते मनाशी घोकलं.

चिमणीकडे गेले होते. दारावर टकटक केली. तिने साखळी न काढता उघडलं. केस सगळे पांढरे झाले आहेत. मी जिन्यात उभी राहून सगळं सांगितलं. अस्तर, टाके, किल्ल्या, तू, बाबा.

मग ती म्हणाली, 'एकतीस वर्षं मी शोधत होते, की मी काय केलं असेल. दोन-तीन गोष्टी सापडल्याही. तुझ्या कात्रीचं टोक मी मोडलं होतं. एकदा तुझ्या पाठीमागे तुझ्या चालण्याची नक्कल केली होती. मनातल्या मनात मी त्यांची माफी मागून टाकली होती. आता त्या माफीचं काय करू?'

तिने दार लावलं. आपटलं नाही, लावलं.

मागच्या गुरुवारी पुन्हा गेले. आतून रेडिओचा आवाज येत होता. टकटक केल्यावर तो बंद झाला. दार उघडलं नाही. या गुरुवारी जाणार आहे.

त्या माणसाबद्दल मी तुला काही विचारत नाही. तो बाबांच्या चार शब्दांनी गेला. जाणारा होता म्हणून गेला असेल. चिमणी जाणारी नव्हती.

तुझी खोली मी कुणाला देत नाही. तिचं कुलूप काढून टाकलं आहे. दाराला त्या जागी भोक आहे, त्यातून बोळातला उजेड आत जातो. तुझी चौकोनी किल्ली परत पाठवते. आता ती कशालाच लागत नाही.

येशील तेव्हा पुढच्या दारावर टकटक कर. पहिल्या वेळी उघडीन असं धरून चालू नकोस.

ताई

ता. क. पाकीट चिकटवलं नाही, शिवलं आहे. टाके डावीकडे कललेले आहेत का, ते आधी बघ आणि मग उसव.